पुरुमेंताचं कापड : फोंड्यातल्या एका छोट्या कपडे-व्यवसायाचा हिशेब

जून २०२४. बाहेर पावसाचा जोर, आणि तिच्या पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीवर कुर्ते. आदल्याच आठवड्यात दुकानांतून परत आलेले. प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढले तेव्हा अडतीस कुर्त्यांवर बुरशीचे ठिपके किंवा उडालेल्या रंगाचे पट्टे होते. ती म्हणाली, "काकी, मी यांतला एकही कुर्ता वाईट शिवलेला नाही." ते खरं होतं. कापड हातमागाचं, रंग झेंडूचा, बटणं करवंटीची, शिवण सरळ. तरीही तिची वही चाळल्यावर अर्ध्या तासात मला कळलं, की असंच अजून एक वर्ष गेलं तर मशिनी विकायला लागतील.

ती गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, पस्तिशीच्या आतबाहेरची. नाव-गाव देऊ नका म्हणाली. हिशेब मात्र तोट्यासकट द्या म्हणाली, म्हणून हे सगळं लिहिते आहे. मी पंचवीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते. निवृत्तीनंतर नव्याने धंद्यात उतरलेल्या बायका वह्या घेऊन येतात, त्या तपासून देते. तिची वही इतरांपेक्षा वेगळी होती. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं काढलेली ही मुलगी. प्रत्येक रंगाच्या पानावर तारीख, कापडाचं वजन, पाणी कुठलं, तुरटी किती, उकळी किती मिनिटं, सगळं टिपलेलं. पैशांची पानं मात्र शेवटी, घाईत भरलेली.

पहिल्या हंगामाची वही

२०२२ अखेर नोकरी सोडली. स्वतःची साठवण दोन लाख ऐंशी हजार आणि मुद्रा योजनेच्या किशोर गटातलं दोन लाखांचं कर्ज, असं भांडवल. दोन जुन्या औद्योगिक शिलाई मशिनी, एक ओव्हरलॉक, इस्त्रीचं टेबल, रंगाची स्टीलची भांडी आणि शेगडी यांत ९६ हजार गेले. उरलेल्यातून तिने २४० कुर्ते केले. ऑक्टोबर ते मार्च हा गोव्यात पर्यटकांचा हंगाम, म्हणून नोव्हेंबर २०२३ ला माल पणजी, आसगाव आणि मांद्रे इथल्या तीन दुकानांत ठेवला. विकला तर पैसे, न विकला तर परत. दुकानाचं कमिशन चाळीस टक्के.

एका कुर्त्याचा खर्च असा : पावणेतीन मीटर कापड २६० रुपये दराने ७१५, रंगाई १४०, शिलाई ३२०, बटणं-दोरा-लेबल-पिशवी ८५, ने-आण ४०. बेरीज १,३००. किंमत लावली २,४००. तिच्या मनातला नफा अकराशे. पण दुकानाचे ९६० गेले की हातात येतात १,४४०, म्हणजे नगामागे राहतात १४० रुपये. त्यात तिची मजुरी धरलेलीच नाही.

मे अखेरपर्यंत १३१ कुर्ते विकले गेले. नवखीसाठी हे वाईट नाही. दुकानदारांनी तर कौतुकच केलं. आता हिशेब बघा. २४० कुर्त्यांवर तीन लाख बारा हजार खर्च झाला होता. १३१ कुर्त्यांचे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे चाळीस आले. खर्च नुसता भरून यायलाच २१७ कुर्ते विकायला हवे होते. मी तिला एकच ओळ वहीत लिहायला सांगितली : न विकलेला एक कुर्ता विकलेल्या नऊ कुर्त्यांची कमाई खातो.

ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी कातरण जपून ठेवते, चिंधीही टाकत नाही, आणि इथे दोरीवर अख्खे कुर्ते वाया घालवलेत."

मला या प्रकरणातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि ती मी नाही, तिने पाहिली. पर्यावरणाचा विचार करून कपडे करणारे नवे लोक कापूस कुठला, रंग कुठला, पिशवी कशाची यावर जीव टाकतात, आणि टाकायलाच हवा. पण किती नग करायचे हा प्रश्न ते धंद्याचा समजतात आणि बाजूला ठेवतात. कोणी अंगावर न घातलेल्या कुर्त्यातला कापूस, पाणी, गॅस, शिलाई मास्टरच्या पाठीचं दुखणं, सगळंच फुकट जातं. त्याला झेंडूने रंगवल्याने काही फरक पडत नाही.

दुकानांबद्दलही सांगायला हवं. तिघांपैकी एकाने पावसाळ्यासाठी दुकान बंद केलं आणि विकलेल्या मालाचे पैसे सप्टेंबरात दिले. लेखी काहीच नव्हतं. लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. पण त्याचा आधार घ्यायचा तर माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली हवी. ही नोंदणी ऑनलाइन आहे, फुकट आहे. तिने केली नव्हती. आणि 'विकलं तर पैसे' अशा बोलीवर दिलेल्या मालाचे दिवस कधीपासून मोजायचे, हे कागदावर नसेल तर भांडायलाही जागा उरत नाही.

विहिरीचं पाणी

रंगाच्या पानांवर एक कोडं होतं. मे महिन्यात रंगवलेल्या कापडाला सोनेरी पिवळा आला होता. ऑगस्टमध्ये तेच माप, तीच सुकी फुलं, आणि रंग शेवाळी. तिला वाटलं फुलं जुनी झाली. गावच्या देवळातलं निर्माल्य ती दसऱ्यापासून गोळा करून सावलीत सुकवते. तो साठा फेकून द्यायच्या बेतात होती.

फरक पाण्यात होता. आधी ती ओपाच्या जलप्रकल्पातून येणारं नळाचं पाणी वापरायची. नळ कमी पडायला लागल्यावर घरच्या विहिरीचं घेतलं. विहीर चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, खोदलेली. आपल्या गोव्याचा चिरा लाल आहे तो त्यातल्या लोहामुळे, आणि त्यातलं थोडं पाण्यातही उतरतं. सुती कापड तुरटी सहज धरत नाही, म्हणून त्याला आधी हिरड्याचा काढा द्यावा लागतो. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह भेटले की काळसर करडा तयार होतो. वर पिवळा चढवला की दिसतो शेवाळी. परीक्षा सोपी निघाली. तिने दोन काचेच्या पेल्यांत नळाचं आणि विहिरीचं पाणी घेतलं, दोन्हींत चमचाभर हिरड्याचा काढा टाकला. विहिरीचा पेला जांभळट काळा पडला.

प्रयोगशाळेतली नऊ वर्षं इथे कामाला आली. पिवळ्यासाठी तिने छपराचं पावसाचं पाणी टाकीत साठवायला सुरुवात केली. विहिरीच्या पाण्याला तिने वेगळं काम दिलं : हिरडा दिलेलं कापड त्यात, लागेल तसं गंजक्या खिळ्यांचं आणि गुळाचं आंबवलेलं पाणी मोजून घालून, करड्या छटांसाठी. मोजून हे महत्त्वाचं, कारण लोह जास्त झालं की सुताची ताकद कमी होते आणि कापड काही महिन्यांत विरतं. तो करडा ओल्या चिऱ्याच्या सावलीसारखा दिसतो. मला तिच्या सगळ्या रंगांत तोच आवडतो, आणि विकला जातो तोही सगळ्यांत जास्त.

पिवळ्याबद्दल मात्र तिला गिऱ्हाइकाशी खरं बोलायला शिकावं लागलं. झेंडूचा पिवळा उन्हात फिकट होतो. पणजीच्या दुकानात दर्शनी काचेत लावलेल्या कुर्त्यांचा एकच खांदा उडाला होता, ज्या बाजूला दुपारचं ऊन पडायचं त्या बाजूचा.

लेबलावरचे शब्द

पहिल्या वर्षीच्या लेबलावर छापलं होतं : 'शंभर टक्के पर्यावरणपूरक'. मी विचारलं, शिवण कुठल्या दोऱ्याची? पॉलिस्टरची. सुती दोरा औद्योगिक मशिनीच्या वेगाला तुटतो, मास्टर वैतागतो. मग शंभर टक्के कसं? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'पर्यावरणपूरक', 'हरित' असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांना पुरावा जोडावा लागतो. तिने लेबलं बदलली. आता त्यावर लिहिलेलं असतं : हातमागाचं सुती कापड, रंग झेंडू, हिरडा, तुरटी, बटणं करवंटीची, शिवण पॉलिस्टर दोऱ्याची, उन्हात वाळत घालू नये. दोऱ्याची ओळ वाचून कोणी कुर्ता परत ठेवलेला तिला अजून तरी आठवत नाही.

याच काळात कुणबी चौकटीचा मोह झाला. लाल-पांढऱ्या चौकटीचं गिरणीचं कापड बाजारात स्वस्त मिळतं आणि कुणबी म्हणून पर्यटकांना सहज विकलं जातं. शेतात राबणाऱ्या कुणबी-गावडा बायकांचं ते कापड, गुडघ्याखाली जेमतेम येणारं, खांद्यावर गाठ मारून नेसायचं. ते हातमागावर पुन्हा विणलं जावं म्हणून कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी मेहनत घेतली. ते २०२० मध्ये गेले. तिच्या सासूबाईंनी तिला एका वाक्यात थांबवलं : "जे त्यांनी विणलं नाही, त्याला त्यांचं नाव कशाला गं?" तो विषय तिथेच संपला. हातमागाचं कुणबी परवडेल तेव्हा बघू, असं ठरलं.

रंग उन्हात, शिलाई पावसात

जून ते ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही तिचं वर्ष उलटं लावलं. आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंत करतात : पावसाचे चार महिने पुरेल असं सुकी मासळी, मिरची, कोकम, कडधान्य भरून ठेवायचं. तिने हेच कापडाला लावलं. एप्रिल-मे मध्ये कडक उन्हाचे दिवस, तेव्हा फक्त कापड उकळायचं, रंगवायचं, सावलीत वाळवायचं, खळ न देता पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायचं. खळ बुरशीचं खाद्य आहे, हे परत आलेल्या मालाने शिकवलं होतं. शिलाई मागणी आल्यावरच. प्रत्येक मापाचा एक नमुना घरी, घालून बघायला. निम्मे पैसे आगाऊ, चार आठवड्यांची मुदत. कापड न शिवता पडून राहिलं तर पुढच्या वर्षी चालतं. शिवलेला 'लहान' मापाचा कुर्ता 'मोठा' होत नाही.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्या वर्षी ७ सप्टेंबरला होती. गोव्यात घरातल्या प्रत्येकाला नवं कापड लागतं ते चवथीला, आणि हे गिऱ्हाईक आसगावात नाही, शेजारच्या वाड्यावर असतं. पर्यटकांच्या हंगामाकडे डोळे लावून बसल्यामुळे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. जुलैत माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही वाड्यांत नमुने फिरले. गुळेदगुड्डच्या खणाची पट्टी लावलेला कुर्ता बायकांनी उचलून धरला. खण सगळ्यांच्या ओळखीचा, आजीच्या चोळीतला. त्या चवथीला ४६ नग गेले.

कमिशन नाही, म्हणून किंमत २,४०० वरून २,१५० केली. नगामागे ८५० राहतात. मार्च २०२५ पर्यंत १२८ नग शिवले, १२८ विकले गेले. एक लाख आठ हजार आठशे. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास, कर्जाचा हप्ता वेगळा. औषध कंपनीत तिला याच्या कितीतरी जास्त मिळत होतं, आणि हे मी कोणापासून लपवणार नाही. घरात नवऱ्याचा पगार नसता तर हा प्रयोग दुसऱ्या वर्षापर्यंत टिकला नसता.

कराचं थोडक्यात. वस्तूंच्या विक्रीला वार्षिक चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तिला माहीत होतं. पण ती व्हॉट्सॲपवरून पुण्या-मुंबईला पार्सलं पाठवत होती. राज्याबाहेर माल विकला की, काही हस्तकला वस्तू सोडल्या, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. ती करून घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्यावर १८ टक्के कर आहे. तिचं २,८०० चं जाकीट त्या रेषेच्या पलीकडे गेलं, आणि तिने ते बंद केलं.

एकशेऐंशी शर्ट

डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर गोव्यातल्या एका रिसॉर्टची मागणी आली. कर्मचाऱ्यांसाठी १८० शर्ट, झेंडूच्या पिवळ्यात, नगाला १,१५०. घरात दोन तट पडले. नवरा म्हणाला, घे, एकदा नाव झालं की पुढे रांग लागेल. शिलाई मास्टर म्हणाले, "बाय, माझे दोन महिने जातील, तुझी घरची गिऱ्हाइकं कोण बघणार?"

तिने आधी हिशेब मांडला. शर्टाला सव्वादोन मीटर कापड, घाऊक २४० ने ५४०. शिलाई २८०, रंग १४०, बाकी १००. एकूण १,०६०. नगामागे नव्वद, सगळे मिळून १६,२००. मग तिने जे केलं ते मी अजून कोणा नव्या उद्योजिकेला करताना पाहिलेलं नाही. रंगवलेल्या कापडाचे दोन तुकडे रिसॉर्टचे कपडे जिथे धुतात त्या लाँड्रीत दिले आणि वीस धुण्या करून मागितल्या. गरम पाणी, तीव्र साबण, पांढऱ्या कपड्यांबरोबर कधी ब्लीच. वीस धुण्यांनंतर पिवळा जवळजवळ उरला नव्हता.

ते तुकडे घेऊन ती रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना भेटली. टेबलावर ठेवून म्हणाली, सर, हा रंग तुमच्या लाँड्रीत तीन महिने टिकणार नाही, मी पैसे घेऊन तुम्हाला तो देऊ शकत नाही. त्याऐवजी न रंगवलेलं, कापसाच्या मूळ रंगाचं हातमागाचं कापड, खिशावर खणाच्या कातरणाची पट्टी, वर्षातून दोनदा उसवलेलं-फाटलेलं शिवून देईन. नगाला १,४८०, निम्मे आगाऊ. व्यवस्थापक थोडे नाराज झाले, पण त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी स्वागतकक्षातल्या लोकांपुरते ६० शर्ट ठरले. बाकीचे १२० त्यांनी दुसरीकडून घेतले.

या ६० शर्टांना नगामागे खर्च ९८० : रंगाचे १४० वाचले, पट्टीच्या हातकामाचे ६० वाढले. पाचशेच्या हिशेबाने तीस हजार मिळणार होते, १८० शर्टांच्या जवळपास दुप्पट. या वेळी मुदत आणि रक्कम कागदावर होती, उद्यम नोंदणीचा क्रमांकही. पैसे वेळेत आले.

आणि मार्चमध्ये फोन आला : अकरा शर्ट आटलेत, बाह्या मनगटाच्या वर जातायत.

ती रात्री साडेनऊला माझ्या दारात उभी. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तिचं रंगवलेलं कापड कापण्याआधी सोड्यात उकळलेलं असतं, हिरड्यात आणि रंगात पुन्हा तापतं. जे आटायचं ते तिथेच आटून जातं. या शर्टांचं कापड रंगवायचंच नव्हतं, म्हणून ते उकळलंच गेलं नाही. एक ठाण आधी धुतलं होतं, दुसरं मास्टरनी थेट मांडलं आणि कापलं. सगळं काही टिपणाऱ्या त्या वहीत न रंगवलेल्या कापडासाठी पानच नव्हतं.

तिने अकराही शर्ट नव्याने शिवून दिले. १०,७८० रुपये गेले. तीस हजारांचे एकोणीस हजार राहिले. जुने अकरा परत आणले, बाह्या कापून आखूड केल्या, आणि ते आता वाड्यावरच्या पोरांच्या अंगावर असतात.

यंदाच्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले तेव्हा अंगणात मोठ्या भांड्यात कोरं कापड उकळत होतं, कुठलाही रंग न घालता. वहीत नवं पान होतं. वर लिहिलेलं : 'कोरं. उकळी ४० मिनिटं. आधी मोज, नंतर मोज.' खाली दोन आकडे, दहा मीटरचे नऊ मीटर साठ सेंटिमीटर. पडवीतल्या दोरीवर मात्र काहीच नव्हतं.